पहिला झोका

मला खऱ्या नावाने हाक मारणारा कॉलेजात एकच माणूस उरलाय, पगार काढणारा कारकून. बाकी सगळ्यांसाठी मी सेकंदकाका. एकतीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे आणि त्यातली बावीस वर्षं खेळाच्या हॉलमध्ये बास्केटबॉलच्या सामन्यांना घड्याळ सांभाळतोय. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे आपली घड्याळं माझ्या घड्याळावर लावतात. मी कधी चुकत नाही, हे मी स्वतःच इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते सगळ्यांना पाठ झालंय. घरी अंडं उकडायचं तरी मी घड्याळ घेऊन शेगडीशी उभा राहतो. साडेसहा मिनिटं. कुणी सात केली तर त्याला दिवसभर सुनावतो. बढाया मारायची हौस होती, ती अशी अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

लोकांना वाटतं, घड्याळ सांभाळणं म्हणजे बटण दाबणं. हो, बटणच दाबायचं असतं. पंचाची शिट्टी झाली की घड्याळ थांबवायचं, आणि बाहेरून टाकलेल्या चेंडूला आतल्या खेळाडूचा हात लागला की सुरू करायचं. हात लागला की, त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही. वेळ संपली की बझर वाजतो, आणि त्याच्या आत हातातून सुटलेला चेंडूच गुणांत धरतात. शेवटच्या दोन सेकंदांत हे बटण दाबणाऱ्या अंगठ्याच्या हातात अख्खा सामना असतो. आमचं टेबल मैदानाच्या कडेला, पार भिंतीला चिकटवलेलं. शेजारी ग्रंथपालबाई गुणपत्रक लिहायला बसतात. त्या उठून खुर्ची सरकवत नाहीत तोवर मला आत अडकून बसावं लागतं. सामना संपला की मुख्य पंच त्यांच्या पत्रकावर सही करतो. सही व्हायच्या आत टेबलावरच्या कुणाची चूक लक्षात आली तर ती सुधारता येते. सही झाली की निकाल पक्का.

संघात माझा भाचा आहे. उंची इतकी की त्याला सगळे शिडी म्हणतात, मीसुद्धा. तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले आणि माझी बहीण त्याला घेऊन माझ्या दोन खोल्यांत राहायला आली. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला जाते. पोराला मीच वाढवला, म्हणजे वेळेवर उठवला, वेळेवर जेवायला घातला, वेळेवर झोपवला. लाड करायला मला कधी जमलं नाही. बहीण म्हणायची, "दादा, अरे पोर आहे ते, गाडीचं वेळापत्रक नाही." मी म्हणायचो, वेळापत्रक असलेलं बरं, निदान कुठे पोचायचं ते कळतं.

यंदा आमचा संघ जिंकायलाच लागला. आधीच्या अकरा वर्षांत दुसऱ्या फेरीपलीकडे गेलो नव्हतो, त्यामुळे कुणाचा विश्वास बसेना. शेवटच्या फेऱ्यांसाठी सोळा कॉलेजं आमच्या हॉलमध्ये आली, कारण विजेवर चालणारा मोठा गुणफलक आमच्याकडेच आहे. यजमान म्हणून टेबलही आमचंच. उपांत्यपूर्व सामन्यात शेवटचे एक पूर्णांक दोन दशांश सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू आमचा होता.

आता त्या दिवशी सकाळचं सांगायला हवं. प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. सकाळी साडेआठपासून मी तीन तुकड्यांना लंबकाचा प्रयोग लावून दिला होता. दोऱ्याला बांधलेला गोळा सोडायचा आणि त्याच्या वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. पण पहिला झोका मोजायचा नाही. सोडताना हाताचा धक्का लागलेला असतो, म्हणून तो जाऊ द्यायचा आणि पुढच्यापासून घड्याळ सुरू करायचं. "पहिला सोडा, पहिला सोडा," हे मी एकतीस वर्षं ओरडतोय. त्या सकाळी शंभर वेळा तरी ओरडलो असेन.

तर सामन्यात आमच्या पोराने बाहेरून चेंडू उंच आत टाकला. कॅप्टनने उडी मारून बोटांच्या टोकांनी तो मागे ढकलला. तो शिडीच्या हातात आला, शिडी वळला आणि त्याने चेंडू फेकला. चेंडू हवेत असताना बझर वाजला आणि चेंडू जाळीतून खाली आला. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. शिडीला खांद्यावर घेतलं, तरी त्याचे पाय जमिनीला लागत होते.

माझा अंगठा बटणावरच होता. कॅप्टनच्या बोटांचा स्पर्श मी स्वच्छ पाहिला होता. आणि मी तो सोडून दिला होता. घड्याळ मी सुरू केलं ते चेंडू शिडीच्या हातात आल्यावर. पहिला झोका सोडला, दुसऱ्यापासून मोजलं. मध्ये अर्धा सेकंद तरी गेला होता. बटण वेळेवर दाबलं असतं तर चेंडू शिडीच्या हातात असतानाच बझर वाजला असता आणि आम्ही घरी गेलो असतो.

बाईंना म्हणायचं होतं, "जरा उठा, मला पंचांशी बोलायचंय." तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हरलेल्या संघाचे प्रशिक्षक टेबलाशी आले. पांढऱ्या मिशांचा थोराड माणूस, घामाने निथळत होता. त्यांच्या कॅप्टनला निकालाविरुद्ध पत्रकावर निषेधाची सही करायची होती, त्याला त्यांनी हाताने अडवून धरलं होतं.

"सेकंदकाका," ते म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर मी आत्ता भांडलो असतो. तुम्ही आहात म्हणून नुसतं विचारतो. घड्याळ वेळेवर सुरू केलंत ना?"

"हो," मी म्हणालो.

विचार करून म्हणालो असतो तर निदान लबाडी तरी केली असं म्हणता आलं असतं. बावीस वर्षं कुणीही विचारलं की तोंडातून "हो"च येतं, तसं ते आलं. प्रशिक्षकांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल रे. झालं." पंचाने पत्रक ओढलं, सही केली. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, खुर्ची सरकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय मेला नशीबवान भाचा तुमचा!"

त्या दिवसापासून माझी पंचाईत सुरू झाली. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंची मला फार धास्ती होती, पण गुणफलक मागच्या भिंतीवर, त्यामुळे एकाही व्हिडिओत चेंडू आणि घड्याळ एकत्र आलं नाही. शिडीचा तो फटका सगळीकडे फिरला. काचेच्या कारखान्याचा स्वतःचा संघ आहे, त्यांचा व्यवस्थापक येऊन शिडीला भेटून गेला. करंडक जिंकलात तर तू आमचा, कायमची नोकरी, राहायला खोली, असं सांगून गेला. बहिणीने ते मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा डोळे पुसत.

"दादा, एका फटक्याने पोराचं नशीब उघडलं रे," ती म्हणाली. धुलाईघरातल्या गरम पाण्याने तिची बोटं कायम सुजलेली असतात. त्या बोटांनी ती शिडीच्या सात नंबरच्या बनियनला इस्त्री करत होती. "त्याचं लागलं की मी ते काम सोडणार."

मी अंडं उकडत ठेवलं होतं, ते त्या दिवशी नऊ मिनिटं उकडलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

संघाचा फोटो काढायचा ठरला तेव्हा आमच्या प्रशिक्षकांनी मला ओढत नेलं. मी म्हटलं, मी कशाला, मी टेबलाचा माणूस, मी कुणाचाच नाही. ते म्हणाले, "काका, हॉल तुमचा, घड्याळ तुमचं, भाचा तुमचा. बसा गुपचूप." मधोमध बसवलं. तो फोटो काचेच्या कपाटात लावला, हॉलच्या दाराशी. येता-जाता मी स्वतःलाच दिसायचो, दोन्ही हात गुडघ्यांवर, दोन्हीकडे दोन ताडमाड पोरं, उठायला जागाच नाही.

उपांत्य सामन्याआधी मी आमच्या प्रशिक्षकांना गाठून म्हटलं, "मला या वेळी सुट्टी द्या. डोळे दुखतात."

"तुम्हाला सुट्टी?" ते हसले. "अहो, पलीकडच्या संघाने पत्र लिहून कळवलंय, सेकंदकाका घड्याळावर असतील तर यजमानांच्या टेबलाला आमची हरकत नाही. तुम्ही नसाल तर बाहेरचा माणूस आणावा लागेल, त्यात दोन दिवस जातील. औषध घाला डोळ्यांत."

तो सामना आम्ही अठरा गुणांनी जिंकलो. पोरं अशी काही खेळली की शेवटची पाच मिनिटं बटण माकडाच्या हातात दिलं असतं तरी चाललं असतं. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, चांगला संघ आहे, करंडक आपल्या जोरावर जिंकतील, मग त्या एका अर्ध्या सेकंदाचं काय एवढं! पण अंथरुणावर पडलं की ते पांढऱ्या मिशांचे प्रशिक्षक समोर उभे राहायचे. तुम्ही आहात म्हणून नुसतं विचारतो.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळा आवरत होतो. शिडी आला. दारातून वाकून आत यायची सवय त्याला आहे, तरी डोकं आपटतंच. तो माझ्या टेबलाच्या कडेला बसला आणि लंबकाचा गोळा बोटाने ढकलत राहिला. मी ठरवलं, आता सांगून टाकायचं, याला तरी.

"शिडी, त्या दिवशीच्या तुझ्या फटक्याबद्दल बोलायचंय."

"मला माहितीय, मामा," तो म्हणाला.

"काय माहितीय?"

"घड्याळ उशिरा सुरू झालं ते. कॅप्टनचा हात लागल्यापासून मी मनात मोजत होतो. तुम्हीच शिकवलंत ना लहानपणी, घड्याळ न बघता सेकंद मोजायला? माझ्या मोजणीने वेळ संपली होती. म्हटलं, फेकू तरी. आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत बझर वाजलाच नाही." त्याने गोळा हातात धरून थांबवला. "मी कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. कधी सांगणारही नाही."

म्हणजे हा महिनाभर हे पोटात घेऊन हिंडतोय. मी त्याला गोळा सोडून दाखवला. पहिला झोका, दुसरा झोका. सकाळच्या तीन तुकड्या, अंगठ्याची सवय, सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि हळूहळू हसत होता.

"मामा, पुरे. तुमची चूक? तुमची?"

"अरे, खरंच झाली."

"गाडी चुकली की गाडीची चूक, दूध नासलं की दूधवाल्याची चूक. सतरा वर्षांत मी तुमच्या तोंडून 'माझी चूक' हे दोन शब्द ऐकले नाहीत. आणि आता म्हणे लंबक!" तो उठला, दाराशी वाकला. मग वळून, जरा लाजून म्हणाला, "उद्या तशी वेळ येऊ नये. पण आलीच तर... तुम्ही आहात तिथे, एवढं मला पुरे."

तो गेला आणि मी लंबकाचा दोरा सोडवायला घेतला. माझंच तोंड माझ्या वाटेत आडवं आलं होतं. बावीस वर्षं लोकांना जे पटवलं, ते इतकं पटलं होतं की आता मी खरं बोललो तरी कुणी मानणार नव्हतं. आणि पोराने उद्यासाठीही माझ्यावर भरवसा टाकला होता, नको तसला.

अंतिम सामन्याला हॉल खचाखच भरला. दारं लावून घेतली होती, कारण बाहेर उभ्या असलेल्यांना आत घ्यायला जागा नव्हती. बहीण समोरच्या बाकावर पहिल्या रांगेत, कामावरून तशीच आलेली. मी भिंत आणि टेबल यांच्यामध्ये, बाई माझ्या वाटेत. सामना दोरीवर चालल्यासारखा चालला. कधी हे एका गुणाने पुढे, कधी ते. शिडी खरंच सुंदर खेळला. बावीस गुण त्याने केले आणि त्यातल्या एकालाही माझा अंगठा लागला नव्हता.

शेवटी तीच वेळ आली. फक्त या वेळी आम्ही एका गुणाने पुढे होतो, दीड सेकंद उरला होता आणि चेंडू त्यांचा होता. शिडी त्यांच्या सर्वांत चपळ पोराला अडवून उभा होता. चेंडू आत येण्याआधी त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी मनात घोकत होतो, पहिला सोडायचा नाही, पहिला सोडायचा नाही.

त्यांच्या पोराने चेंडू टाकला आणि मी बटण दाबलं. टाकल्याबरोबर दाबलं. चेंडू अजून हवेत होता, कुणाचा हात लागला नव्हता, आणि आकडे पळायला लागले होते. चपळ पोराने चेंडू झेलला, वर उडी मारली आणि चेंडू त्याच्या हातात असतानाच बझर किंचाळला. त्याने फेकलेला चेंडू जाळीत गेला, पण पंचाने दोन्ही हात हलवले. नाही. वेळ संपली.

आमची पोरं मैदानात घुसली. कॅप्टन जमिनीवर लोळत होता. बहीण बाकावर उभी राहून रडत होती. शिडी मात्र जागच्या जागी उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर असा काही आनंद होता की तो मला बघवेना. त्याने मोजलं होतं. त्याला वाटलं, मामाने पुन्हा मुद्दाम केलं.

ही भीतीने झालेली चूक होती, की त्याने आदल्या दिवशी मागितलं ते माझ्या हाताने परस्पर देऊन टाकलं, ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. पंच पत्रकाकडे येत होता. बाई पेन पुढे करत होत्या.

"बाई, उठा," मी म्हणालो.

"थांबा हो, सही होऊ दे."

"सही व्हायच्या आत उठा!" मी असा ओरडलो की त्यांची खुर्चीच कलंडली. मी पंचाचा हात धरला. "घड्याळ आधी सुरू झालं. चेंडूला हात लागायच्या आत. माझी चूक झाली."

"काका, नक्की?" तो म्हणाला. त्यालाही पटेना.

"पाऊण सेकंद. माझी चूक." पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने, म्हणजे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग जे व्हायचं ते झालं. आमच्या पोरांनी मला शिव्या घातल्या, प्रशिक्षकांनी डोक्याला हात लावला, पंचाने घड्याळ दीड सेकंदावर परत लावून घेतलं आणि चेंडू पुन्हा त्यांना दिला. मी बहिणीकडे बघितलं नाही. शिडीकडेही नाही. फक्त चेंडूकडे आणि त्या पोराच्या बोटांकडे. हात लागला, दाबलं. तो उडाला, शिडी त्याच्यापेक्षा वर उडाला. चेंडू शिडीच्या नखाला घासून गेला, जाळीच्या कडीवर दोनदा आपटला आणि बाहेर पडला. मग बझर वाजला.

आम्ही जिंकलो. या वेळी खरोखर जिंकलो. पंचाने सही केली. त्यांच्या प्रशिक्षकांनी येऊन माझा हात हातात घेतला. ज्यांनी मघाशी शिव्या घातल्या त्यांनीच आता पाठीत धपाटे घातले. मला इतकं हलकं वाटत होतं, की पाचच मिनिटांपूर्वी आपण आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत चुकलो म्हणालो हेसुद्धा गोड वाटायला लागलं.

हॉल रिकामा झाला तरी मी तारा गुंडाळत होतो. घड्याळाची पेटी मी दुसऱ्या कुणाला भरू देत नाही. शिडी आला, गळ्यात पदक, टेबलाच्या कडेला बसला.

"तो काचेचा कारखानावाला बोलून गेला. पुढच्या महिन्यात बोलावलंय."

"छान झालं."

"मामा, आज तुम्ही चुकलात."

"चुकलो."

"म्हणजे तुम्ही चुकता."

"चुकतो की. सांगत होतो तुला, तर ऐकलं नाहीस."

तो पदकाची फीत बोटाला गुंडाळत राहिला. "मग त्या दिवशीचं लंबकाचंही खरंच होतं?"

महिनाभर याचीच वाट बघितली होती मी. कुणीतरी एकाने विश्वास ठेवावा, बस. "हो" एवढं म्हणायचं होतं. सवयीचाच शब्द.

"मला वाटलं होतं," तो खाली बघत म्हणाला, "लहानपणापासून तुम्ही मला सगळं मोजून दिलंत. वेळ, जेवण, बोलणंसुद्धा. तेवढं एकच न मोजता दिलंत, असं वाटलं होतं. मूर्खपणाच आहे म्हणा. चुकीचंच होतं ते. पण मी रोज झोपताना ते आठवायचो."

बावीस गुण करून करंडक जिंकलेला पोरगा, आणि चेहरा सहा वर्षांचा. माझ्या दारात पिशवी घेऊन उभा होता तेव्हाचा.

"लंबक!" मी म्हणालो. "एकतीस वर्षांत लंबकाने मला कधी फसवलंय का रे, वेड्या? त्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. तुझ्यासाठी."

त्याने वर पाहिलं. "मग काल तसं का सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

"आज तुला गरज नव्हती."

तो हसला. डोळे पुसून हसला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "कुणाला सांगणार नाही."

"नको सांगूस."

त्याने पेटी माझ्या हातातून घेतली आणि दाराशी वाकून बाहेर पडला. मी दिवे मालवले. काचेच्या कपाटातला माझा फोटो अंधारात गेला. सामन्यात पंचाची सही होईपर्यंत तरी चूक सुधारायला वेळ मिळतो. हे मात्र आता आहे तसंच राहणार होतं. मी दाराला कुलूप घातलं आणि त्याच्या मागून चालू लागलो.